चांगूच्या घराचं कुलूप

महाड, १८ ऑगस्ट २०२५

समीक्षा,

बापाचा आशीर्वाद आहे. ठेवायचा की परत करायचा ते तू ठरव, मी आपला पोस्टात टाकतो आहे.

सव्वातीन वर्षांनी लिहितोय, तेही फोनच्या जमान्यात. फोन तू उचलत नाहीस. तुझी आई दुपारी मागच्या पडवीत बसून तुला फोन करते ते मला गल्ल्यावर ऐकू येतं. मी ऐकू येत नाही असं दाखवतो, ती मी झोपलोय असं समजते, आणि आमचं बरं चाललंय.

मुद्द्याचं लिहितो. आपलं हॉटेल कोर्टासमोर आहे, त्यामुळे जे कोर्टात दहा वर्षांनी कळतं ते मला मिसळीबरोबर कळतं. परवा दोन वकील कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. एकजण म्हणाला, "त्या कातकऱ्याच्या खुनाच्या केसला लोकअभिरक्षक ऑफिसातनं नवीन बाई आल्यात. उतेकर आडनाव." दुसरा म्हणाला, "उतेकर? आपल्या सदूशेठची काय?" मग दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि जास्तीचा पाव मागितला.

ज्यांना वकील करता येत नाही त्यांना सरकारने द्यायचा वकील, हे काम तू घेतलंस, ते ऐकून आनंद झाला. खोटं नाही लिहीत. पण ही एक केस सोड. चांगू हिलम जानेवारी २०२२ पासून आत आहे. नदीकाठच्या बंगल्यावरचा रखवालदार डोक्यात कोयता बसून गेला, आणि तो कोयता चांगूच्या घरातून निघाला. निघाला त्या पंचनाम्यावर पहिली सही कोणाची आहे ते तू एव्हाना वाचलं असशील. सदाशिव धोंडू उतेकर, वय ५४, धंदा हॉटेल. दुसरी सही आपल्या भिकूची. तोच तो, भजी तळायचा. तो गेल्या वर्षी काविळीने गेला. म्हणजे पंच म्हणून आता मी एकटाच उरलोय.

बाप सरकारी साक्षीदार आणि मुलगी आरोपीची वकील, हे दिसायला बरं नाही. लोकांचं सोड, तुझ्या ऑफिसला बरं दिसणार नाही. आजारपणाची रजा काढ, बदली माग, काहीही कर. पंचनामा चोख आहे, मी सांगतो. त्या माणसाचं नशीब म्हणायचं, दुसरं काय.

आईचे गुडघे बरे आहेत.

सदाशिव


महाड, ६ सप्टेंबर २०२५

समीक्षा,

पाकीट परत आलं. वर पोस्टमनचा शेरा, "घेण्यास नकार", खाली तारीख आणि शिक्का. आपला पोस्टमन ते माझ्या हातात देताना इतका अवघडला की मीच त्याला चहा पाजला. पाकीट उघडलं नाही. गल्ल्याच्या खणात ठेवलंय.

रागावलीस, समजलं. पण मी रागावलेल्या गिऱ्हाइकाला तीस वर्षं खाऊ घालत आलोय, मी काही एका नकाराने उठून जाणारा माणूस नाही. पुन्हा लिहितो.

मी पंच कसा झालो ते तुला कधी सांगितलं नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथून मी सातवी करून खाली आलो आणि डेपोजवळच्या हॉटेलात कपबशा विसळायला लागलो. मालक मला "ए भांडी" म्हणून हाक मारायचा. पुढे हे हॉटेल झालं. एका दिवशी एक फौजदार आले, गल्ल्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "उतेकरशेठ, पंचाला प्रतिष्ठित माणूस लागतो. चला." ए भांडी, आणि प्रतिष्ठित माणूस! त्या दिवशी मी खरोखर गेलो होतो. दारूच्या हातभट्टीची जागा होती, सगळं डोळ्यांनी बघितलं, मग सही केली. दुसऱ्या वेळीही गेलो. पुढे पुढे गिऱ्हाइकांची गर्दी असायची, हवालदार म्हणायचे, "शेठ, तुम्ही कशाला त्रास घेताय." मग कागदच हॉटेलात यायला लागला.

चांगूच्या वेळी मी गेलो होतो हं. पण वाडीपर्यंत नाही. जीप खाली बांधावर थांबली, वर चढ आहे, मला दम लागतो. मी जीपमध्ये बसलो. ते वर जाऊन कोयता घेऊन आले, मला दाखवला, मी सही केली. एवढाच काय तो फरक.

दुसरी एक गोष्ट लिहून टाकतो, तुझ्या कामाची आहे. चांगूची बायको चंद्रा आपल्या मागच्या दारी मुठे विकायला यायची. तू लहानपणी तिच्या टोपलीत काडी घालून त्या खेकड्यांना चिडवायचीस. चांगूला आत घेतल्यावर ती कोळशाच्या भट्टीवरून उतरून आली. मागच्या दारी बसली आणि म्हणाली, "शेठ, वकील कुठं मिलतो?"

मी म्हटलं, "तुला करायला नको. सरकार देतं. फुकट."

"कवा देतं?"

"देतील. थांब जरा."

ती थांबली. तीन सोमवार आली. चौथ्या सोमवारी भट्टीच्या मुकादमाने नेली तिला परत. सरकारचा वकील मिळण्यासाठी आतल्या माणसाने एक अर्ज द्यायचा असतो, हे मला तेव्हा ठाऊक होतं. रोज दहा वेळा गल्ल्यावर ऐकत होतो. तो अर्ज कसा करायचा हेही ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. कारण पंच मीच होतो ना. मग जो वकील मिळाला त्याने चांगूला कधी पाहिलं नाही. तारखा पडत गेल्या. त्या वकिलाचं नाव लिहीत नाही, तो आता या गावात नाही.

चंद्रा आता येत नाही.

सदाशिव


महाड, ९ ऑक्टोबर २०२५

समीक्षा,

दुसरं पाकीटही परत. तोच शेरा. आईला म्हटलं, विचार तरी तिला. आईने पडवीत फोन लावला आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बोलली. मग फोन ठेवून म्हणाली, "ती बोलते, बाबांना सांग लिहू नका. अजिबात लिहू नका. आणि मलाही त्या केसबद्दल काही विचारू नको."

"राग आहे अजून," मी म्हटलं.

"राग नाय तो," आई म्हणाली. पण मग काय आहे ते तिलाही सांगता येईना.

राग नसेल कसा. तू लग्नाच्या वेळी माझ्याकडे दागिना मागितला नाहीस, मांडव मागितला नाहीस. रजिस्ट्रारकडे साक्षीदार म्हणून सही मागितलीस. "बाबा, तुम्ही आख्ख्या तालुक्याच्या कागदांवर सह्या करता, माझ्या एका कागदावर करा," असं हसत म्हणालीस. मी हो म्हटलं. नाही म्हटलंच नाही, हे तूही कबूल करशील. धम्मपाल मला आवडला नव्हता असंही नाही. बोलायला नीट, वागायला नीट, आईला नमस्कार करताना वाकून केला. त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी गल्ल्यावर बसलो. अकरा वाजले. गावाकडचे दोघे भाऊबंद समोरच्या टेबलावर चहा घेत होते आणि माझ्याकडे बघत होते. साडेबारा वाजले. मग मी शर्टावर डाग पडला म्हणून बदलला.

त्याच्या चार महिने आधी चांगूच्या कागदावर मी बघितलंही नसताना सही केली होती. आणि तुझ्या कागदावर, जिथे सगळं डोळ्यांसमोर खरं होतं, तिथे केली नाही.

हे लिहिताना वरचं वाक्य आपोआप उतरलं, आता खोडत नाही. जीप नव्हतीच, समीक्षा. मी बांधावरही गेलो नाही. मंगेश हवालदार तीन वाजता कागद घेऊन हॉटेलात आले. कोयता पिशवीत होता. भिकूचे हात बेसनाने भरलेले, त्याने सही करताना कागदाला डाग लागला, तो डाग अजून असेल बघ, दुसऱ्या पानावर, उजवीकडे. वाटलं तर वास घेऊन बघ.

धम्मपालना नमस्कार सांग. हे पत्र घेतलंस तर.

सदाशिव


महाड, २१ नोव्हेंबर २०२५

समीक्षा,

तीन पाकिटं झाली खणात. पोस्टमन आता मला दुरून बघूनच मान हलवतो.

समन्स आलं. ९ डिसेंबर, माणगाव, सेशन कोर्ट. मंगेश हवालदार काल येऊन बसले. निवृत्तीला सहा महिने राहिलेत त्यांचे, डोळ्यांखाली काळं आलंय. पंचनाम्याची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

"शेठ, पाठ करून टाका. आरोपी बोलला, आपण गेलो, त्याने काढून दिला. बस."

"आणि विचारलं तर?"

"जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं. मुलगी आहे म्हणून बिचकू नका. ती तरी बापाला किती खेचेल?"

"तुम्हाला ठाऊक नाही ती," मी म्हटलं. दोघंही हसलो. ते हसताना मला त्यांची दया आली. वाईट माणूस नाही गं तो. वरून घाई होती, बंगलेवाल्यांचे मुंबईहून रोज फोन. चांगू त्या आठवड्यात भट्टीवरून रेशनसाठी अंगठा द्यायला गावात आला होता, स्टँडवर एकटा सापडला. कातकरी, एकटा, खांद्याला कोयता. त्यांना वाटलं, हाच. मलाही वाटलं, असेल. असेल म्हणून सही केली.

आता एक लिहितो ते मनात फार दिवस आहे. चंद्राने एकदा मागच्या दारी बोलताना सांगितलं होतं, की दिवाळीनंतर भट्टीवर निघताना ते लोक घराची ताटी काढून डोक्यावर घेऊन जातात. कारवीची विणलेली ताटी, तेच त्यांचं दार. तिकडे खोप उभी केली की तिला तीच लावायची, पावसाआधी परत आणायची. मागे घर उघडंच. "कोन काय नेल आमचा, शेठ?" असं म्हणून हसली होती. कोयता सापडला म्हणतात तो जानेवारीत. म्हणजे तेव्हा ताटी भट्टीवर होती. पंचनाम्यात काय लिहिलंय ते तू वाचलंच आहेस.

आणि चंद्राचं. चांगूला कोणी सांगितलं नसेल. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कोळशाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर गल्ल्यापाशी दुसऱ्याला सांगत होता, की त्या चांगूची बायको भट्टीवर तापाने गेली, कुठेतरी कर्नाटकच्या हद्दीत. त्यांची चार घरांची वाडी, सगळी त्याच मुकादमाबरोबर गेली ती पावसाळ्यातही परत आली नाही. विचारायला कोणी नाही. मी सुट्टे पैसे देत होतो, ऐकलं आणि पुढच्याला "काय घेणार" विचारलं.

९ तारखेला काय बोलणार ते मी अजून ठरवलेलं नाही. बोलेन म्हणून लिहिलं तर ते खोटं ठरू शकतं, म्हणून लिहीत नाही. आणखी एक गोष्ट आहे. ती अजून कागदावर उतरत नाही.

सदाशिव


महाड, १२ डिसेंबर २०२५

समीक्षा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. निकाल लागेपर्यंत खणातच राहील. आता कळलं मला, तू का घेत नव्हतीस. एवढे तीक्ष्ण कान म्हणून मिरवतो, आणि नुसतं "घेण्यास नकार" एवढं मला ऐकू आलं नाही.

तू तिथे होतीस, तरी मी माझ्या बाजूने लिहितो. पिंजऱ्यात मी उभा राहिलो तेव्हा चांगू मागे बाकावर होता, शेजारी पोलीस. मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. केस पांढरे झालेत. तो माझ्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. कोणी आत आलं की मान उंच करायचा. मला ठाऊक होतं तो कोणाला शोधतोय.

तू आधीच न्यायाधीश साहेबांना लेखी कळवलं होतंस म्हणे, की साक्षीदार माझे वडील आहेत, त्यांची पत्रं येतात, मी घेत नाही, आरोपीला दुसरा वकील हवा असल्यास द्यावा. हे मला बाहेर बाकावर शिपायाने सांगितलं. साहेबांनी चांगूला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ह्याच बाई पायजेत. ह्या भेटाया येतात." एवढंच. शिपाई सांगताना हसला, मला हसू आलं नाही. साडेतीन वर्षांत भेटायला आलेलं पहिलं माणूस.

सरकारी वकिलांनी विचारलं ते मी पाठ केल्यासारखं सांगितलं. आरोपी आमच्यासमोर बोलला. आम्ही गेलो. त्याने स्वतःजवळच्या चावीने दाराचं कुलूप उघडलं, वळचणीतून कोयता काढून दिला. सही माझी. माझा आवाज मला छान वाटला. प्रतिष्ठित.

मग तू उठलीस. काळा कोट तुला सैल होतो, शिंप्याला दाखव.

"साक्षीदार, आपण महाडात किती वर्षं आहात?"

"चाळीस."

"आरोपीचं घर कशाचं आहे?"

"कुडाचं."

"दार कशाचं आहे?"

पंचनाम्यात ते नव्हतं. मी म्हटलं, "दाराला कुलूप होतं."

"मी कुलूप विचारलं नाही. दार विचारलं. लाकडी फळ्यांचं, की पत्र्याचं?"

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. तेवढ्यात चांगूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही गं. त्याला खरंच कुतूहल होतं, आपल्या घराला कुठलं दार आहे म्हणून. रागाने बघितलं असतं तर मी "लाकडी" म्हणून मोकळा झालो असतो.

"दार नव्हतं," मी म्हटलं.

"मग कुलूप कशाला होतं?"

"कुलूप मी घातलं, साहेब."

साहेब म्हणाले, "नीट सांगा." मग मी नीट सांगितलं, जे तुला चार पत्रांत सांगता आलं नव्हतं. हवालदार हॉटेलात बसून लिहीत होते. घराचं वर्णन आलं आणि अडले. मी गल्ल्यावरून म्हटलं, "कुलूप लिहा. चावी आरोपीकडे लिहा. नाहीतर उद्या वकील म्हणतील, उघड्या घरात कोयता कोणीही ठेवला असेल." ते म्हणाले, "शेठ, तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं." मला बरं वाटलं होतं. आयुष्यभर वकिलांचं ऐकून जेवढं शहाणपण गोळा केलं ते सगळं मी त्या एका माणसावर खर्च केलं. कोणी मागितलं नव्हतं. दाब नव्हता. हुशारी दाखवायची होती, बस.

"आपण त्या दिवशी आरोपीच्या घरी गेला होता का?"

"नाही. त्या दिवशी नाही, आजपर्यंत नाही."

पुढचं तुला ठाऊक आहे. सरकारी वकील उठले, साक्षीदार फितूर झाला म्हणाले, मला विचारलं, "मुलीने पढवलं म्हणून फिरलात ना?" मी पिशवीतून पाकिटं काढली. चार. चौथं पाकीट त्याच सकाळी परत आलं होतं. "साहेब, मी हिला लिहिलं. हिने एकही घेतलं नाही. सगळी बंद आहेत, शिक्के बघा." साहेबांनी एकेक पाकीट उजेडात धरून बघितलं, शेरे आणि तारखा लिहून घेतल्या, आणि परत दिली. तू तेवढा वेळ खाली बघत होतीस. तू एक जरी घेतलं असतंस, उघडून वाचलं असतंस, तर त्या दिवशी माझं खरं बोलणं कवडीमोल ठरलं असतं. मी तुला पत्रं नव्हतो लिहीत, चांगूच्या पायात धोंडा बांधत होतो. तू तो दर वेळी सोडवत होतीस.

खोटी साक्ष दिली म्हणून माझ्यावर कारवाई करा असा अर्ज सरकारी वकिलांनी दिलाय. बरोबर आहे. ठाण्यावरून चहाची ऑर्डर बंद झाली. मंगेश हवालदार परवा समोरून गेले, थांबले नाहीत. त्यांचीही चौकशी लागणार. त्यांच्या बायकोने आईला बाजारात विचारलं, "तुमच्या ह्यांना काय मिळालं हो?" आई म्हणाली, "काय नाय मिळाला."

कोर्टातून निघताना तू शेजारून गेलीस. थांबली नाहीस, ते बरोबर केलंस.

बाबा


महाड, ७ फेब्रुवारी २०२६

समीक्षा,

सोबत चार बंद पाकिटं आणि एक उघडं पत्र. निकाल लागला, माझ्या साक्षीचं काम संपलं, आता घ्यायला हरकत नसावी. वाचून वाटलं तर पुन्हा नकार दे. तेव्हाचा नकार तुझ्या कामाचा होता, आताचा तुझा स्वतःचा असेल, आणि तोही मी समजून घेईन.

चांगू निर्दोष सुटला. जप्ती विश्वास ठेवण्याजोगी नाही, असं निकालात लिहिलंय म्हणे. गल्ल्यावर दोन दिवस तोच विषय होता. सगळे तुझं कौतुक करत होते आणि मी बसलेलो असल्यामुळे हळू आवाजात करत होते. रखवालदाराला कोणी मारलं ते कोणालाच ठाऊक नाही, आणि आता कळायचंही नाही. त्याचीही म्हातारी आई आहे दासगावला. चार वर्षं तिला वाटत होतं मारेकरी आत आहे. तेही माझ्याच सहीखाली गाडलं गेलं. हे निकालात नाही.

काल चांगू आला.

तू त्याला एसटीत बसवून दिलंस, तो उतरून सरळ इथेच आला. पुढच्या दाराने नाही, मागच्या. मुठ्यांच्या टोपल्या जिथे ठेवायचे त्या पायरीवर बसला. हातात तुरुंगातून दिलेली पिशवी. आईने ओळखलं नाही, मी ओळखलं.

मी म्हटलं, "चांगू, आत ये. टेबलावर बस."

"नको शेठ. हितं बरा हाय."

चहा दिला. त्याने बशीत ओतून फुंकर मारून घेतला. मी माफीचं काही बोलायला लागलो, शब्द जुळवून ठेवले होते, तर तो म्हणाला, "ता झाला तिकडं कोर्टात. बाईंनी केला." मग रिकामी बशी पालथी घातली. "शेठ, चंद्रा येते का हितं? मुठे घेऊन?"

मला वाटलं होतं तू सांगितलं असशील. मग आठवलं, तुला कुठून ठाऊक असणार. जे मी लिहिलं ते सगळं बंद पाकिटात. आणि कोर्टात मला ते कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

आईने आतून माझ्याकडे बघितलं. मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो.

"चांगू, चंद्रा गेली रे. दोन वर्षं झाली. भट्टीवर ताप आला तिला."

त्याने समोरच्या भिंतीकडे बघितलं. पुराचं पाणी जिथवर आलं होतं तिथे अजून मातीची रेघ आहे, तिच्याकडे.

"कोन बोलला?"

"कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर."

"तुमाला बोलला?"

"दुसऱ्याला सांगत होता."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कोर्टात बघितलं होतं तसंच.

"तुमी बघितला?"

"नाही," मी म्हटलं. "ऐकलं."

"ऐकला." त्याने तो शब्द जरा वेळ तोंडात ठेवला. मग पिशवी उचलली, उठला, गुडघे झटकले. "मंग ऱ्हाऊ द्या, शेठ. मी जाऊन बघतां."

तो दोन पावलं गेला आणि वळला.

"कंचा गाव?"

समीक्षा, ड्रायव्हरला मी गाव विचारलंच नव्हतं.

बाबा